चौदा इंची सळई

मंगळवार, २७ जानेवारी. सकाळी आठपर्यंत धुकं, समोरचा डोंगर दिसला नाही. दुपारी कोरडं ऊन. वारा नाही. संध्याकाळी गारठा.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी शहाण्या माणसासारखी सुरू होते. त्याखालच्या चार ओळींत जो गाढवपणा आहे तो मात्र चार ओळींत मावणारा नाही. तेव्हा बसा. चहा ठेवतो. कप दोनच आहेत, पाळीपाळीनं घ्यावा लागेल. आणि हसू आलं तर दाबू नका, गावानं कधीच हसून घेतलंय.

मी टेलर. विंझरच्या पुढे आमची वाडी, तिथे पुढच्या खोलीत माझं दुकान आणि मागच्या खोलीत मी. बायको जाऊन पाच वर्षं झाली. मुलगी बार्शीला दिली, ती रविवारी फोन करते. उरलेले सहा दिवस मी शर्टांशी बोलतो.

बायको गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक रेकॉर्ड प्लेयर आणला. एक अँप्लिफायर, दोन स्पीकर आणि सतरा तबकड्या. सगळ्या शास्त्रीय, कारण सिनेमाच्या गाण्यांच्या तबकड्या माझ्याआधी कुणीतरी उचलल्या होत्या. मला रागातलं काही कळत नव्हतं. पण एक माणूस खोलीत बसून हळूहळू काहीतरी सांगतोय, असं वाटायचं. संध्याकाळी साडेसहाला दुकान बंद केलं की तेवढं मला पुरायचं.

अडचण एकच. खोलीत कुणी चाललं की सुई उडायची.

आमच्या मागच्या खोलीत शहाबादी फरशी आहे. दारातून आत आल्यावर तिसरी फरशी डुगडुगते, खाली उंदरांनी पोखरलंय. तिच्यावर पाय पडला की गवई एका जागेवरून उडून दुसऱ्याच जागी जाऊन पडायचा. मी एकटाच राहतो, मग चालणार कोण? असं तुम्ही विचाराल. दत्तोबा!

दत्तोबा आमचा गिरणीवाला. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, तीस वर्षांची ओळख, एकमेकांना अरे-तुरे. संध्याकाळची दळणं आटोपली की पावणेआठला तो माझ्याकडे यायचा. भुवयांवर पीठ, पायाला पीठ. माझं दळणही तोच घेऊन जायचा आणि पिठाचा डबा आणून द्यायचा. चहा प्यायचा, एक बाजू ऐकायचा आणि जायचा. ऐकून झालं की दरवेळी एकच शेरा : "चांगलं दळलंय." ते दोन कप म्हणतो ना, त्यातला दुसरा त्याचा.

आणि दत्तोबाचा पाय दरवेळी बरोब्बर तिसऱ्या फरशीवर!

मग मी अभ्यासाला लागलो. मोबाईलवर अशा छंदिष्टांचा एक ग्रुप सापडला. लोक काय काय करतात हो! कुणी प्लेयरखाली वाळूचा ट्रे ठेवतं, कुणी छतातून दोऱ्यांनी फळी टांगतं. त्यांच्यात दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, थरथर अडवा, खाली मऊ घाला. दुसरा म्हणतो, थरथर वाहून जाऊ द्या, खाली टोकदार घाला. दोन्ही पंथ एकमेकांना बहिरे समजतात. मी साधा माणूस, मी दोन्ही करून बघितलं.

आधी शिलाई मशीनच्या मोटरखालची रबरं काढून लावली. मग स्क्वॉशचे चेंडू मागवले, दोन पिवळ्या ठिपक्यांचे, आणि ते मधोमध कापून चार अर्धुकं चार पायांखाली ठेवली. मग सायकलची ट्यूब अर्धी फुगवून तिच्यावर फळी. ही झकास चालली, पण दर रविवारी हवा भरावी लागे, आणि एका रविवारी भैरवी चालू असताना तिची हवा गेली. मग पितळी अणकुचीदार पाय. मग ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा. प्रत्येक बदलानंतर प्लेयरवर पाण्याची वाटी ठेवायची, तिसऱ्या फरशीवर पाय द्यायचा आणि पाणी किती हललं ते वहीत लिहायचं. सगळ्या नोंदी आहेत. दाखवीन.

दत्तोबा हे सगळं बघायचा. एकदा म्हणाला, "माज्याकडं गिरणीचा झिजलेला दगड पडलाय. लई जड. त्याच्यावर ठेव. रेडा आला तरी हलायचा न्हाई."

मी हसलो. "दगड वाजतो, दत्तोबा. गाण्याबरोबर तोही घुमतो, ग्रुपवर लिहिलंय."

"दगड वाजतो?" त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मला ताप आहे. "पस्तीस वर्सं झाली दळतोय. मला तर कवा वाजला न्हाई."

शेवटी मी टेलरचा उपाय केला. शिवणाचा खडू घेऊन फरशीवर पावलं काढली. डावं इथं, उजवं इथं, मग भिंतीच्या कडेनं, मग खुर्ची. दत्तोबानं दारात उभं राहून तो नकाशा वाचला.

"तुज्या घरात यायचं म्हंजी सापशिडी झाली की रं!"

पण आला. खडूच्या पावलांवर पाय देत, हात पसरून, तारेवरच्या डोंबाऱ्यासारखा. रोज आला. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. आता तुम्हीच सांगा, वाटायला हवं होतं की नाही?

आता मुख्य पराक्रम.

ग्रुपवर एकानं सांगितलं, फरशीचा नादच सोडा, प्लेयर भिंतीवर न्या. भिंत चालत नाही, भिंत नाचत नाही. पटलं! पश्चिमेच्या भिंतीला भक्कम फळी मारायची ठरवली. फळीला दोन लोखंडी आधार, ते भिंतीत खोल गाडलेल्या दोन आटेदार सळयांवर. सळई किती लांब? भिंतीच्या जाडीइतकी. म्हणून मी दाराच्या चौकटीपाशी टेप लावला. चौदा इंच. नसरापूरहून चौदा इंची दोन सळया आणल्या. माप घेणं हा माझा धंदा आहे, त्यात शंका नको.

ड्रिल दत्तोबाचंच. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. डाव्या भोकाला सतरा मिनिटं लागली, उजव्याला चार. उजवीकडे ड्रिल एकदम हलकं झालं, लोण्यात गेल्यासारखं. वहीत नोंद आहे : 'ड्रिल हलके झाले. कारण : वीट भुसभुशीत.'

सळया बसवल्या, सिमेंट भरलं, आठ दिवस वाळू दिलं, फळी चढवली, फळीवर प्लेयर. तिसऱ्या फरशीवर उड्या मारल्या. वाटीतलं पाणी? ढिम्म! मी इतका खूश झालो की सांगायला म्हणून उठलो, आणि सांगायला कुणी नाही म्हणून परत बसलो.

दत्तोबा आला तेव्हा सांगितलं. तो म्हणाला, "मग आता ती पावलं पुसायची का?"

मी म्हणालो, "राहू दे. सवय चांगली."

त्याच आठवड्यात दोन नव्या गोष्टी सुरू झाल्या. एक : रोज सकाळी माझ्या उंबऱ्यावर झाकण घातलेलं तांब्याभर दूध. दोन : संध्याकाळी सुई उडायला लागली.

दुधाचं आधी सांगतो. तांब्या शेवंताकाकूंचा. माझ्या पश्चिमेच्या भिंतीपलीकडे त्यांचा गोठा, एक म्हैस, आणि काकू. त्यांचं वय सत्तरच्या पुढे. आमची भिंत एक, पण दारं दोन वेगळ्या बोळात, त्यामुळे भेट होत नाही. बायको होती तेव्हा जाणं-येणं होतं. नंतर मी गेलो नाही. आणि आता एकदम दूध! मी विचार केला, काकूंना माझी कीव आली असणार. बिचारा एकटा, चहाला दूध तरी असावं. खरं सांगतो, मला ते फार लागलं. कीव झेपत नाही हो. पण परत करणंही बरं दिसेना. रिकामं भांडं द्यायचं नसतं, म्हणून मी त्यात चिमूटभर साखर घालून तांब्या त्यांच्या ओट्यावर ठेवायचो आणि त्या दिसायच्या आत निघून यायचो. वहीत रोजची नोंद : 'दूध अर्धा लिटर. कारण कळले नाही.' म्हणजे कळलं होतं, पण लिहवत नव्हतं.

आता सुई. वाटीतलं पाणीसुद्धा हलू नये अशी व्यवस्था, आणि सुई उडते! तीही घरात मी खुर्चीवर पुतळ्यासारखा बसलेलो असताना. रोज संध्याकाळी साडेसहा ते पावणेसातच्या मध्ये. एक झटका, घर्र! मग दुसरा. मग शांत. महिनाभर मी सुई बदलली, वजन बदललं, पाय बदलले. मग वही घेतली आणि ९ डिसेंबरपासून रोजची वेळ लिहायला लागलो.

एक्केचाळीस दिवस लिहिलं. पस्तीस दिवस सुई उडाली, सहा दिवस नाही. ते सहा दिवस कोणते? पाच सोमवार, आणि एक दिवस गावात वीज नव्हती तो. (तेव्हा माझा प्लेयरही बंद होता, पण ते सोडा.) सोमवारी गावात काय बंद असतं?

गिरणी.

मी वही मिटली. संध्याकाळी गिरणी सुरू होते साडेसहाला. पाच-दहा मिनिटांत सुई उडते. गिरणी बंद, सुई गप्प. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस! कोर्टात न्या, फाशी होईल. आणि दत्तोबा माझ्याकडे येतो तो गिरणी बंद करून, म्हणजे त्याला बिचाऱ्याला यातलं काही माहीतच नाही!

आता कुठल्याही शहाण्या माणसानं काय केलं असतं? पावणेआठला तो आला की चहा देताना म्हणाला असता, "दत्तोबा, तुझी गिरणी माझी सुई उडवते रे." संपलं.

मी ते करून बघितलं. म्हणजे मनात. चार संध्याकाळी तो समोर बसलेला असताना मी मनात ते वाक्य जुळवलं. प्रत्येक वेळी वाटलं, तोंडानं सांगितलं तर त्याला लागेल, येणं बंद करेल. त्यापेक्षा कागदावर लिहावं. कागद कसा, सभ्य असतो. एकट्या माणसाचं असं होतं बघा. मनात आलेल्या गोष्टीला 'अरे वेड्या' म्हणणारं घरात कुणी नसतं.

म्हणून मी अर्ज लिहिला. ग्रामपंचायतीला! सुवाच्य अक्षरात, समास सोडून. 'विषय : गिरणीच्या हादऱ्यांबाबत.' सोबत एक्केचाळीस दिवसांचा तक्ता. विनंती एवढीच, की गिरणीचा पाया तपासावा किंवा संध्याकाळची वेळ बदलावी. माझी कल्पना अशी, की ग्रामसेवक तो वाचेल, एखाद्या दिवशी जाता जाता दत्तोबाच्या कानावर घालेल, आणि माझं नावसुद्धा निघणार नाही.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा. झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली, सभा बसली. गटार झालं, रस्त्यावरचे दिवे झाले. मग ग्रामसेवकानं घसा साफ केला आणि माझा अर्ज वाचायला घेतला. मोठ्यानं! तक्त्यासकट!

"नऊ डिसेंबर, सहा वाजून अडतीस मिनिटे, दोन झटके. दहा डिसेंबर, सहा एक्केचाळीस, एक झटका…"

अहो, माझा जीव खालच्या सतरंजीत जायला लागला. सगळी सभा वळून माझ्याकडे बघते आहे. मागे खांबाशी दत्तोबा उभा. सणाचा स्वच्छ सदरा, मीच शिवलेला.

वाचून झालं. मग दत्तोबानं विचारलं, "टेलर, तुमचं घर माज्या गिरणीपास्नं किती लांब हाय?"

तुमचं! तीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि मी मूर्ख, खरं उत्तर दिलं. कारण मी मोजलं होतं. तक्त्याखाली टीप होती. "एकशे दहा पावलं."

"आन तुमास्नी माज्याकडं येयाला येकशे धा पावलं जड झाली?"

याला काय उत्तर असतं? तुमच्याकडे असलं तर सांगा, मी वहीत लिहून ठेवतो.

सरपंचबाई व्यवहारी. म्हणाल्या, "भांडू नगा. उद्या सांच्याला समदी टेलरच्या घरी जाऊ, डोळ्यानं बघू. गिरणीची चूक असंल तर वेळ बदलायची."

वेळ बदलायची म्हणजे काय, हे मला तेव्हा तिथे बसल्यावर कळलं. बाया शेतावरून आल्या की संध्याकाळीच दळण टाकतात. ती वेळ गेली तर गिऱ्हाईक खालच्या गावच्या गिरणीत जाणार. मी दत्तोबाच्या पोटावर पाय देत होतो, तोही खडूनं आखून!

तर ती सत्तावीस तारीख. संध्याकाळी सहाला माझ्या मागच्या खोलीत एकोणीस माणसं. मी मोजली. बायकोच्या तेराव्यानंतर एवढी माणसं या खोलीत आली नव्हती. कुणी पलंगावर, कुणी कपड्यांच्या गठ्ठ्यावर, चारजण खिडकीच्या गजाला. सरपंचबाई दारात थबकल्या.

"ही खाली पावलं कसली? लक्ष्मीची का?"

"दत्तोबाची," मी म्हणालो.

दत्तोबानं ती पावलं चुकवली आणि लांब भिंतीशी उभा राहिला.

पहिली तपासणी : गिरणी बंद. मी तबकडी लावली. आलाप सुरू झाला. सहा पस्तीस, सहा चाळीस, सहा पन्नास. सुई शांत. लोक जांभया द्यायला लागले.

गठ्ठ्यावरच्या एका पंचायत सदस्यानं मला ढोसलं. "टेलर, ह्येनं गळा कवाचा साफ केलाय, गानं कवा म्हननार?"

"हेच गाणं आहे."

"आगं आयय!" तो म्हणाला आणि परत गठ्ठ्याला टेकला.

सात वाजता मी तबकडीची बाजू उलटली, आणि सरपंचबाईंनी दत्तोबाच्या सुनेला फोन केला, "चालू कर गं." लांबून गिरणीचा आवाज यायला लागला. पुक पुक पुक पुक. एक मिनिट. तीन मिनिटं. पाच. सुई शांत! आणि, खरं सांगू? मला आतून वाटलं, नको उडू. आज नको उडू, बाई.

सात वाजून सात मिनिटं. घर्र!

"उडाली!" एकोणीस माणसं एकदम ओरडली. ग्रामसेवकानं घड्याळ बघून लिहिलं आणि म्हणाला, "अर्जदाराचे म्हणणे सिद्ध होते." चारजणांनी माझ्या पाठीवर थाप मारली. एवढी माणसं माझ्या बाजूनं आयुष्यात कधी नव्हती. आणि मला दत्तोबाकडे बघवत नव्हतं.

तो पुढे आला. त्यानं फळीखाली भिंतीवर तळहात टेकला. गिरणीवाल्याचा हात तो, पट्टा सैल झालेला त्याला झोपेत कळतो. तेवढ्यात दुसरा झटका. घर्र!

"ही गिरणी न्हाई," दत्तोबा म्हणाला.

"मग काय?"

"गिरणी थरथरती. ह्यो हिसका हाय." त्यानं कान लावला. "ह्यात जीव हाय."

खिडकीतलं एक पोरगं गज सोडून मागे सरकलं.

"भितीपल्याड काय हाय?" दत्तोबानं विचारलं.

"शेवंताकाकूंचा गोठा."

"तितं जाऊन बघितलं हुतं का तुमी?"

एक्केचाळीस दिवस, सव्वादोनशे नोंदी, पाण्याची वाटी, मोबाईलचं घड्याळ. गोठ्यात? नाही हो. गोठ्यात गेलो नव्हतो.

वरात निघाली. पुढे दत्तोबा, मागे पंचायत, शेवटी मी. बोळाला वळसा घालून गोठ्यात शिरलो तेव्हा शेवंताकाकू कडब्याची पेंढी सोडत होत्या. एवढी माणसं बघून त्यांनी पेंढीच छातीशी धरली.

"काय झालं? म्हस इकायची न्हाई बरं का मला!"

त्यांची मैना म्हैस वैरणीकडे मान ताणून उभी होती. वैरण दिसली की ती पुढे हिसका देते. दाव्याचं दुसरं टोक भिंतीला. आणि भिंतीतून नऊ इंच बाहेर आलेली, वर वाकवलेली, नवीकोरी, आटेदार, सळई.

मी ती लगेच ओळखली. ओळखणार नाही? जोडी होती तिची.

सरपंचबाईंनी विचारलं, "काकू, हा खिळा कुनी मारला?"

"टेलरभाऊंनी!" काकूंनी माझ्याकडे बोट केलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मला गव्हाणीत लपावंसं वाटलं. "माजा जुना खुंट पावसात कुजला हुता. म्या कुनाला बोलले न्हाई, कुनाला म्हननार? आन दिवाळी झाली, तवा येक दिस भितीतनं भुर्रर्र आवाज आला आन ही सळई आपसूक भायेर आली. म्हनलं, ह्यास्नी ठावं झालं असंल. न बोलता काम केलं मानसानं. म्या जरा वरवंट्यानं वाकीवली येवढंच. तवापास्नं मैनीचं दूध देती रोज. तेबी लई भले, भांडं कवा रितं धाडलं न्हाई. साखर असती आत."

एक कुणीतरी आधी फुसकन हसला. मग कुणालाच आवरेना.

"पण काकू," ग्रामसेवक अजून वही धरून होता, "वैरण नेमकी गिरणी चालू झाल्यावरच का टाकता?"

"मला कुटं घड्याळ कळतंय? गिरनीची पुकपुक आली की मैनीची येळ झाली. सोमवारी गिरनी न्हाई, तवा दिवस मावळला की टाकती."

सोमवारी दिवस मावळतो सव्वासहाला. तेव्हा मी अजून दुकानात मशीनवर असतो.

तो गठ्ठ्यावरचा सदस्य सळईपाशी गेला, वीत लावून बघितली. "टेलर, भित तर हितं आर्ध्या इटंची हाय. जुनी खिडकी बुजीवल्याली. तुमी माप कुटं घेतलं?"

"दाराच्या चौकटीला."

"आवो, मग गिऱ्हाईकाचा दंड मोजून कंबर शिवताय का काय?"

मैनासुद्धा हसली असेल. सरपंचबाईंनी डोळे पुसले. "ल्या ओ ग्रामसेवक. गिरनी निर्दोष." ग्रामसेवकानं प्रामाणिक शंका काढली, "अर्जदार कोण आणि गैरअर्जदार कोण लिहू?" बाई म्हणाल्या, "दोनी ठिकानी टेलरच ल्या."

सगळे हसले. एक सोडून. दत्तोबानं मैनाच्या पाठीवर हात फिरवला, म्हणाला, "दळाण ऱ्हायलंय माजं," आणि गेला.

माणसं पांगली. खोलीत एकोणीस जणांच्या चपलांची माती, आणि तबकडी संपून सुई नुसती मध्ये फिरत होती. पावणेआठला मी दोन कप चहा केला. सवय. साडेआठला दुसरा कप मोरीत ओतला.

सळई कापायची का? काकूंना विचारायलासुद्धा धीर झाला नाही. त्यांच्या हिशेबी गेल्या पाच वर्षांत त्यांच्यासाठी एवढं कुणीच केलं नव्हतं. आणि माझ्या हिशेबीही, मी केलेलं एवढंच एक काम कुणाच्या उपयोगी पडलं होतं. सळई राहिली. मी फळी उतरवली.

दुसऱ्या दिवशी दोन किलो गहू घेऊन एकशे दहा पावलं चालत गेलो. रांगेत उभा राहिलो. पुढच्या एकीनं विचारलं, "मैना बरी हाय का?" मी म्हणालो, बरी आहे. दत्तोबानं माझा डबा घेतला, दळलं, परत दिला.

मी म्हणालो, "तो जुना दगड अजून आहे का?"

"हाय."

"नेऊ?"

"न्या." मग थोडं थांबून, पट्ट्याकडे बघत, "पर वाजतो म्हनत्यात."

दगड चौघांनी उचलून आणला. मागच्या खोलीत, भिंतीपासून दोन वीत लांब ठेवला. त्यावर प्लेयर. खाली रबर नाही, चेंडू नाही, पितळी पाय नाहीत. पाण्याची वाटी ठेवली, पाणी हललं नाही. तिसऱ्या फरशीवर मात्र पाय देऊन बघितला नाही. ग्रुपवर फोटो टाकला नाही. त्याच दिवशी ओल्या फडक्यानं फरशीवरची खडूची पावलं पुसली. शिवणाचा खडू शहाबादी फरशीत बसतो, तीनदा पुसावं लागलं.

त्यापुढच्या नोंदी जशाच्या तशा वाचून दाखवतो.

२९ जानेवारी. थंडी. गिरणी साडेसहा. सुई उडाली नाही. दूध अर्धा लिटर, शेवंताकाकूंनी हातात दिले. दत्तोबा नाही.

२ फेब्रुवारी. सोमवार. ढग. सुई उडाली नाही. काकूंच्या ओट्यावर पंधरा मिनिटे बसलो. दत्तोबा नाही.

६ फेब्रुवारी. कोरडी हवा. गहू दोन किलो दळून आणले. अजून डब्यात पीठ आहे. सुई उडाली नाही. दत्तोबा नाही.

१० फेब्रुवारी. ऊन वाढले. आठवड्यात तिसऱ्यांदा दळण. गिरणीत दत्तोबाने विचारले, "एवढं पीठ खाता काय?" नाही म्हणालो. सुई उडाली नाही. चहा एक कप.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. दिवसा ऊन, संध्याकाळी डोंगराकडून गार वारा. गिरणी साडेसहाला सुरू, साडेसातला बंद. पावणेआठला दत्तोबा पिठाचा डबा घेऊन दारात. फरशीकडे बघत उभा राहिला. "पावलं पुसलीस व्हय रं?" हो म्हणालो. आत आला. तिसऱ्या फरशीवर पाय पडला. सुई उडाली. एकदा. चहा दोन कप.